आर्केड खेळांचे विक्रम आणि यंत्रशुद्धीचा प्रश्न

कुस्तीच्या हौद्यांत दोन मल्ल उतरले म्हणजे त्यांच्या पायांखालची माती एकच असते. ती मऊ असो वा कठीण, कोरडी असो वा ओली, तिचा जो गुण वा दोष एकाच्या वांट्यास येतो तोच दुसऱ्याच्याहि येतो. त्यामुळें निकाल लागल्यावर मातीविषयीं तक्रार निघाल्याचें सहसा ऐकूं येत नाहीं. परंतु ज्या स्पर्धेंत प्रतिस्पर्धी समोर नसतो, तो दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या वर्षीं, कधीं कधीं दुसऱ्या पिढींतहि असतो, तेथें मातीचाच प्रश्न पहिल्यानें विचारावा लागतो. विक्रमांची नोंद ही अशाच प्रकारची स्पर्धा होय. क्रिकेटचें उदाहरण घ्यावयाचें तर इ. स. १७७१ मध्यें इंग्लंडांतील चर्टसी संघाचा व्हाइट नांवाचा फलंदाज यष्टींच्या रुंदीएवढी बॅट घेऊन हॅम्बल्डनच्या संघापुढें उभा राहिला, तोंपर्यंत बॅट किती रुंद असावी हें कोणास लिहून ठेवावेंसें वाटलें नव्हतें. त्यानंतर सव्वाचार इंचांची मर्यादा ठरली व ती अद्यापि चालू आहे. नियम बहुधा असेच, कोणी तरी त्यांची उणीव दाखवून दिल्यावर जन्मास येतात.

प्रस्तुत लेखांत आम्हांस अशाच एका नियमाचा इतिहास सांगावयाचा आहे. खेळ अगदीं अलीकडचा, म्हणजे नाणें टाकून चालणाऱ्या व्हिडिओ यंत्रांचा, आणि तीं यंत्रें ज्या दुकानांत ओळीनें मांडलेलीं असत त्या आर्केडांचा आहे. आमच्या वाचकांपैकीं कांहींस हा विषय पोरखेळाचा वाटेल, व मुळांत तो पोरांचाच खेळ होता हें खरें. परंतु त्याच्या पायीं प्रौढ माणसांनीं एकमेकांवर न्यायालयांत फिर्यादी केल्या, आणि एका नामांकित खेळाडूची अनेक वर्षांची कीर्ति पडद्यावर चित्र कोणत्या रीतीनें उमटतें एवढ्या बारीक गोष्टीवरून काढून घेण्यांत आली. माणसाच्या कौशल्याची साक्ष यंत्र देतें तेव्हां त्या यंत्राची साक्ष कोणीं द्यावयाची, हा प्रश्न केवळ खेळापुरता नाहीं. सोनाराच्या तागडीपुढें उभें राहून ज्यांनीं वजनें निरखून पाहिलीं आहेत त्यांस तो नवा वाटणार नाहीं.

या यंत्रांचा धंदा अमेरिकेंत खरा फोफावला तो १९७२ सालीं निघालेल्या अटारी कंपनीच्या 'पाँग' पासून. तो दोघांनीं शेजारीं शेजारीं उभें राहून खेळण्याचा खेळ. त्यांत हारजीत होती, विक्रम नव्हता. १९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीचे तोमोहिरो निशिकाडो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' काढला, आणि त्यांत आजवरची सर्वांत मोठी गुणसंख्या पडद्याच्या माथ्यावर झळकत ठेवण्याची योजना होती. १९७९ च्या 'स्टार फायर' खेळांत त्या संख्येपुढें आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घालतां येऊं लागलीं, व त्याच वर्षींच्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स'नें ती चाल चोहोंकडे पसरविली. तीन अक्षरांची ही पाटी हीच विक्रमांची पहिली वही. मात्र ती त्या एका यंत्रापुरती, आणि पुष्कळदां रात्रीं दुकानाची वीज बंद होईपर्यंतच टिके.

त्या काळीं यंत्राच्या शुद्धतेविषयीं कोणीं नियम केला नाहीं, कारण तसें करण्याचें प्रयोजनच नव्हतें. यंत्र दुकानदाराचें, त्याच्या पेटीस कुलूप, किल्ली दुकानदाराच्या खिशांत; खेळणारा मुलगा हातांत पाव डॉलरचें नाणें घेऊन बाहेर उभा, आणि भोंवतालीं दहापांच पाहणारे. पेटींत हात घालण्याची संधि मुलास नव्हती व त्याच्यासाठीं लबाडी करण्याची इच्छा दुकानदारास नव्हती. चार भिंती, एक कुलूप आणि पाठीमागची गर्दी, एवढेंच काय तें नियमशास्त्र होतें. आणि आम्हांस असें वाटतें कीं, पुढें लिहिल्या गेलेल्या सर्व नियमांचा उद्देश हीं तीन साधनें नाहींशीं झाल्यावर त्यांच्या जागीं कांहीं तरी आणून ठेवण्याचाच होता.

निरनिराळ्या गांवांचे आंकडे एका फळ्यावर आणण्याची कल्पना वॉल्टर डे या गृहस्थांची. त्यांनीं १० नोव्हेंबर १९८१ रोजीं आयोवा राज्यांतील ऑटम्वा या लहानशा गांवीं 'ट्विन गॅलॅक्सीज' नांवाचें आर्केड उघडलें, आणि ९ फेब्रुवारी १९८२ पासून तेथें राष्ट्रीय गुणफलक सुरू केला. ठिकठिकाणचे दुकानदार दूरध्वनीवरून आपापल्या येथील आंकडे कळवीत व ते फलकावर चढत. त्याच वर्षीं ऑटम्वाच्या नगराध्यक्षांनीं आपलें गांव ही व्हिडिओ खेळांची जागतिक राजधानी असल्याचें जाहीर केलें, आणि नोव्हेंबरांत 'लाइफ' मासिकानें देशांतील नामांकित खेळाडूंस तेथें जमवून भर रस्त्यांत त्यांचें छायाचित्र घेतलें. त्या समुदायांत फ्लॉरिडाहून आलेला बिली मिचेल हा कुमारवयीन खेळाडू होता. 'डाँकी काँग' या खेळांत त्या सुमारास त्याच्या नांवें ८,७४,३०० गुणांची नोंद झाली, ती पुढें सुमारें अठरा वर्षें अबाधित राहिली.

पण दोन गांवांचे आंकडे एका फळ्यावर लिहितांच दोन गांवांचीं यंत्रें सारखीं आहेत काय हा प्रश्न आला, आणि तीं सारखीं नव्हतीं. प्रत्येक यंत्राच्या आंतल्या बोर्डावर बारीक बटणांची एक ओळ असे. तीं वरखालीं करून दुकानदारास खेळ सोपा वा अवघड करतां येई. डाँकी काँगचेंच पाहा: एका नाण्यांत तीन, चार, पांच किंवा सहा 'जीव' द्यावे, आणि एक जादा जीव ७,००० गुणांवर द्यावा कीं १०,००० वर, १५,००० वर कीं २०,००० वर, हें सर्व त्या बटणांच्या हातीं होतें. सहा जिवांनीं मिळविलेले गुण व तीन जिवांनीं मिळविलेले गुण एका रकान्यांत लिहिणें म्हणजे घोड्यावरून आलेल्याची व पायीं आलेल्याची वेळ एकत्र मांडण्यासारखेंच होतें.

शिवाय दुकानदारांची एक निराळीच अडचण होती. मुलें तरबेज झालीं म्हणजे एकाच नाण्यावर तासन् तास खेळत आणि गल्ला रिकामा राही. ही अडचण ओळखून मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं जुन्या यंत्रांत बसविण्याचे जोडबोर्ड तयार केले. 'मिसाइल कमांड'ला बसणारा त्यांचा बोर्ड खेळ अधिक कठीण करी. अटारीनें त्यांच्यावर दावा लावला आणि शेवटीं तडजोड केली. 'पॅक-मॅन'साठीं त्यांनीं केलेला दुसरा बोर्ड तर 'मिस पॅक-मॅन' या नांवानें स्वतंत्र खेळ होऊन बाहेर पडला व अमेरिकेंत अफाट चालला. पॅक-मॅनची चाल जलद करणारी चिपहि बाजारांत होती. सारांश, पेटीवर नांव एक आणि आंत वस्तु भलतीच, असा प्रकार अगदीं प्रामाणिक दुकानांतहि घडूं शके. या गोंधळांत ट्विन गॅलॅक्सीजनें खेळागणिक ठराविक मांडणी जाहीर केली, जलद चिपचे विक्रम वेगळे लिहिले, आणि मिसाइल कमांडसारख्या खेळांत दीर्घ पल्ल्याचा प्रकार व जादा शहरें न देणारा सामन्याचा प्रकार असे दोन रकाने केले. पुढें या संस्थेवर पुष्कळ टीका झाली व तिच्यापैकीं बरीच रास्तहि होती. तरी हें पहिलें काम तिनें केलें याचें श्रेय तिला दिलें पाहिजे.

यंत्रांतील एवढ्याशा फरकानें काय होतें हें समजण्यास डाँकी काँगचा अंतर्भाग थोडा पाहावा लागेल. हा खेळ क्योतोच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८१ सालीं काढला. रचनाकार शिगेरू मियामोतो. एक सुतार तुळयांवरून उड्या मारीत, गडगडत येणारीं पिपें चुकवीत, वानरानें पळवून नेलेल्या स्त्रीकडे चढत जातो. प्रत्येक दृश्यास वेळ ठरलेला असतो, व तो यंत्र असा काढतें: पायरीच्या क्रमांकास दहानें गुणून त्यांत चाळीस मिळवावयाचे आणि येईल तितके शेंकडे द्यावयाचे. पहिल्या पायरीस ५०, म्हणजे ५,०००, दुसरीस ६,०००, चौथीस ८,०००, व पुढें तेवढेच. आतां बाविसाव्या पायरीस हिशेब २६० येतो. परंतु या यंत्राच्या एका घरांत ० पासून २५५ पर्यंतच संख्या मावते. २५६ झाले कीं घर रिकामें होऊन मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, आणि हातांत उरतात अवघे ४. चारशेंचा वेळ म्हणजे कांहीं सेकंद. सुतार वर पोंचण्यापूर्वींच मरतो, आणि कितीहि जीव शिल्लक असले तरी खेळ तेथें संपतो. एकशेंसतराव्या दृश्याच्या पलीकडे कोणीहि जाऊं शकत नाहीं.

यंत्र करणारांच्या नजरचुकीनें पडलेली ही भिंतच या स्पर्धेचा पाया होऊन बसली आहे. भिंतीपर्यंत पोंचणारे अनेक झाले म्हणजे प्रश्न उरतो तो वाटेंत कोणीं किती गुण वेंचले हा. हातोड्यानें कांहीं वस्तु फोडल्या असतां ३००, ५०० किंवा ८०० गुण मिळतात, व यांपैकीं किती मिळतील हें खेळणाराच्या हातीं नसतें. अशा शेंकडों दानांची बेरीज शेवटीं दहा लाखांच्या आसपास जाते, आणि दोन उत्तम खेळाडूंमधील अंतर कधीं कधीं दोनतीन हजारांचेंच असतें. ज्या यंत्रांत दान मनासारखें पडेपर्यंत मागें येऊन पुन्हा टाकतां येईल, त्या यंत्रावरील आंकड्यास कवडीचीहि किंमत नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

पॅक-मॅनची गोष्ट याहून वेगळी. तोहि २५६ व्या फळीवर मोडतो. पडद्याचा उजवा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनीं भरून जातो. परंतु येथें शक्य असलेले सर्व गुण मोजून ठरलेले आहेत, ते ३३,३३,३६०. ते पूर्ण मिळविणारा पहिला खेळाडू म्हणून १९९९ सालीं बिली मिचेलचें नांव जाहीर झालें. त्या आंकड्यापुढें कोणासच जातां येत नसल्यानें पुढची चुरस तो आंकडा किती वेळांत गांठला यावर आली. आणि वेळेचा प्रश्न निघतांच घड्याळाचा प्रश्न निघाला. मूळ यंत्र सेकंदास ६०.६०६ चित्रें दाखवितें. घरगुती संगणकाच्या ६० चित्रांच्या पडद्यास जुळवून तोच खेळ चालविला तर तो शेंकडा एक या मानानें मंद होतो, म्हणजे तासाभरांत छत्तीस सेकंदांचा फरक पडतो. शिवाय या खेळांतील भुतें स्वैर हिंडत नाहींत. खेळाडूनें तीच चाल त्याच क्षणीं केली तर तींहि पुन्हा त्याच वाटेनें जातात, व निष्णात खेळाडू अशा वाटा पाठ करून ठेवितात. काठी वळविल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत यंत्रानें सेकंदाचा विसावा हिस्सा जरी जास्त लावला तरी पाठ केलेली वाट फसते. म्हणजे परकें यंत्र नेहमींच खेळाडूचा फायदा करतें असें नाहीं. पुष्कळदां तें त्याचा तोटाच करतें.

आर्केडांचा सुकाळ फार दिवस टिकला नाहीं. दुकानें बंद पडलीं तसतशीं यंत्रें हौशी माणसांच्या घरीं, तळघरांत वा गाडीखान्यांत जाऊन बसलीं. आतां किल्ली खेळाडूच्याच खिशांत आली व पाठीमागची गर्दी नाहींशी झाली. तिच्या जागीं व्हिडिओ टेप आली. खेळाडूनें घरीं खेळावें, खेळाची टेप पंचांकडे पाठवावी, पंचांनीं ती पाहून निर्णय द्यावा, अशी रीत पडली. टेपेंत खेळ दिसे. तो खेळ कोणत्या पेटींतून येत होता हें दिसत नसे.

या रीतीचा कस लागला तो वॉशिंग्टन राज्यांतील स्टीव्ह वीबी यांच्या प्रकरणांत. वीबी हे पुढें शाळेंत विज्ञान शिकवीत. नोकरी सुटली असतां त्यांनीं घरच्या डाँकी काँगवर अभ्यास केला आणि दहा लाखांच्या वर गुण केल्याची टेप पाठविली. पंचांनीं त्यांच्या घरीं येऊन यंत्र पाहिलें. बोर्ड खोटा असल्याचें सिद्ध झालें नाहीं. परंतु तो ज्या माणसाकडून आला होता त्याचें मिचेलशीं व संस्थेच्या मंडळींशीं जुनें वैर होतें, एवढ्यावरून संशय धरून ती नोंद नाकारण्यांत आली. सर्वांसमक्ष खेळून दाखविल्यास मान्य करूं, असा त्यांस सल्ला मिळाला. वीबी तीन हजार मैलांचा प्रवास करून न्यू हॅम्पशायरमधील 'फनस्पॉट' या मोठ्या आर्केडांत गेले, आणि २००५ सालीं तेथें चारचौघांसमक्ष त्यांनीं ९,८५,६०० गुण केले. त्याच मुक्कामांत तेथें मिचेलची एक टेप लावून दाखविण्यांत आली. तीवर १०,४७,२०० गुण होते. मिचेल स्वतः हजर नव्हता, बोर्ड तेथें नव्हता, आणि तरी तो आंकडा मान्य झाला. हा सर्व प्रसंग सेथ गॉर्डन यांच्या २००७ सालच्या 'द किंग ऑफ काँग' या बोलपटांत आला आहे. बोलपटकारांनीं नायक-खलनायक रंगवितांना रंग जरा गडद वापरला असें म्हणणारे आहेत, व बोलपटाच्या धंद्यांत तसें होणें साहजिकच आहे. तथापि दोन टेपांस दोन मापें लागलीं हें रंग पुसून पाहिलें तरी शिल्लक राहतें. एकाच्या बाबतींत बोर्ड कोणाच्या हातून आला हें पाहिलें; दुसऱ्याच्या बाबतींत बोर्ड पाहिलाच नाहीं. येथें यंत्राची परीक्षा झाली नसून माणसांची झाली, आणि नियम लिहिलेला नसला म्हणजे नेहमीं असेंच होतें. वीबी यांनीं पुढें १०,४९,१०० गुण करून मिचेलचा आंकडा मागें टाकला, ही गोष्ट अलाहिदा.

दरम्यान एक नवीनच वस्तु जगांत आलेली होती. ५ फेब्रुवारी १९९७ रोजीं निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानें 'मेम' नांवाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. जुन्या आर्केड यंत्रांच्या स्मृतिचिपांतील मजकूर जसाच्या तसा घेऊन साध्या संगणकास त्या यंत्राची नक्कल करावयास लावणें हें तिचें काम. हेतु मोडीत निघालेलीं यंत्रें कायमचीं नष्ट होऊं नयेत हा होता, आणि ते काम या प्रणालीनें फार उत्तम रीतीनें केलें आहे. परंतु नकलेच्या अंगीं मूळास नसलेल्या शक्ति असतात. खेळ मध्येंच थांबवितां येतो, सावकाश चालवितां येतो, एखादी स्थिति जपून ठेवून पुन्हा तेथूनच आरंभ करतां येतो. म्हणून ट्विन गॅलॅक्सीजनें मेमवरील विक्रमांचा रकाना वेगळा ठेवला, आणि स्पर्धेकरितां या शक्ति बंद केलेल्या खास आवृत्त्या निघाल्या. गंमत अशी कीं, पुराव्याच्या दृष्टीनें मेमच वरचढ ठरला. त्यांत खेळाडूच्या हाताची प्रत्येक हालचाल क्षणवार नोंदली जाते, व ती नोंद पंचास आपल्या संगणकावर लावून एकेक चित्र थांबवून तपासतां येते. टेपेंत ही सोय नाहीं. ज्यास उपरें म्हणून वेगळ्या पंक्तीस बसविलें, त्याचीच साक्ष अधिक चोख निघाली!

फेब्रुवारी २०१८ मध्यें डाँकी काँगच्या एका गुणतक्त्याची देखरेख करणाऱ्या खेळाडूनें मिचेलच्या तीन टेपांवर आक्षेप घेतला. आंकडे १०,४७,२००, १०,५०,२०० आणि १०,६२,८००. मिचेलचें म्हणणें होतें कीं हे सर्व खेळ मूळ यंत्रावर झालेले आहेत. आक्षेप गुणांवर वा खेळण्याच्या ढबीवर नव्हता. एक दृश्य संपून दुसरें उमटतें त्या निमिषार्धावर तो होता. मूळ यंत्रांत काचेच्या नळींतील किरण एकेक ओळ रेखीत जातो, आणि तो चालत असतांनाच यंत्र तुळया मांडीत असतें. त्यामुळें दृश्य एका कडेकडून पडदा सरकावा तसें उघडतें. मेमच्या जुन्या आवृत्त्या किरणाची वाट न पाहतां त्या क्षणीं स्मृतींत जें असेल तें सगळें एकदम दाखवीत. म्हणून त्यांत तुळयांचे तुकडे ठिकठिकाणीं अर्धवट उमटलेले दिसतात. डोळ्यास हा फरक जाणवत नाहीं. टेप थांबवून एकेक चित्र पाहिलें तरच तो दिसतो, आणि मिचेलच्या टेपांत तो मेमच्या बाजूचा आहे असें आक्षेपकाचें म्हणणें पडलें.

ट्विन गॅलॅक्सीजची मालकी तोंवर बदलली होती. २०१४ पासून ती जेस हॉल यांच्याकडे होती. नव्या चालकांनीं तपास करून १२ एप्रिल २०१८ रोजीं निर्णय दिला. पहिल्या दोन टेपा मूळ, फेरफार न केलेल्या डाँकी काँग बोर्डामधून थेट निघालेल्या नाहींत असें त्यांत ठरलें; त्या मेमवरच झाल्या असें खात्रीनें सांगण्याचें मात्र त्यांनीं टाळलें, व तिसरीविषयीं निश्चित मत दिलें नाहीं. तथापि मिचेलचे सर्व विक्रम, पॅक-मॅनसुद्धां, काढून टाकण्यांत आले व त्यास कायमची बंदी झाली. 'गिनेस' ग्रंथानेंहि त्याच्या नोंदी वगळल्या, पण जून २०२० मध्यें त्या पुन्हा घेतल्या. मिचेलनें २०१९ सालीं संस्थेवर बदनामीची फिर्याद केली, संस्थेनें उलट फिर्याद केली, आणि जानेवारी २०२४ मध्यें तडजोड झाली. तींत ठरलें तें असें: मिचेलचे जुने आंकडे संस्थेच्या ऐतिहासिक संग्रहांत परत ठेवावयाचे. यास आधार म्हणून एका तज्ज्ञाचें मत पुढें करण्यांत आलें कीं, टेपांत दिसणारीं तीं चित्रें जुन्या झालेल्या मूळ यंत्राचे भाग बिघडल्यामुळेंहि उमटूं शकतील.

मिचेल खरा कीं खोटा याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं व तशी इच्छाहि नाहीं. आमचें लक्ष दुसरीकडे आहे. तेरा वर्षें वादाचा विषय झालेली टेप ज्या दिवशीं लावली गेली, त्या दिवशीं कोणीं पेटी उघडून कॅमेऱ्यापुढें बोर्ड धरला असता, तर हा सारा खटाटोप वांचता. मिचेल निर्दोष असेल तर त्याचें नांव सहा वर्षें मलिन झालें नसतें. दोषी असेल तर वीबी यांच्यावर त्या मुक्कामांत जी पाळी आली ती आली नसती. नियम नसण्यानें लबाडाचें फावतें हें सर्व जण बोलतात. त्यानें प्रामाणिक माणसास आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचें साधनच उरत नाहीं, हें फारसें कोणी बोलत नाहीं. आतां बहुतेक ठिकाणीं खेळाच्या आधीं व नंतर, मध्यें चित्रण न तोडतां, पेटी उघडून बोर्ड, बटणांची मांडणी व काठी दाखवावी लागते. फार उशिरां आलेलें शहाणपण, पण योग्य शहाणपण.

काठीचा उल्लेख आला म्हणून सांगतों. मूळ डाँकी काँगची काठी चारच दिशांस वळते. तिच्या जागीं आठ दिशांची बसविली तर एकाच वेळीं 'पुढें' व 'वर' असे दोन इशारे देतां येतात, आणि नेमक्या जागीं शिडी पकडण्याचें कसब कांहीं अंशीं काठीच करूं लागते. बोर्ड शुद्ध आहे एवढें दाखवून काठीबद्दल मौन धरणें म्हणूनच पुरेसें नाहीं. उलट पक्षीं पेटीच्या लांकडाचा रंग, बाहेरचीं चित्रें किंवा नाण्याची खांच मूळची आहे कीं नाहीं याचा काथ्याकूट करणाऱ्यांविषयीं आम्हांस सहानुभूति नाहीं. ज्या गोष्टीनें खेळाच्या गतींत, दानांत किंवा हाताच्या श्रमांत फरक पडतो तिच्यावर नियम असावा, व जिच्यानें पडत नाहीं ती खेळाडूच्या मर्जीवर सोडावी. बोर्ड कोणी दिला, मित्रानें कीं वैऱ्यानें, ही तर विचारण्याचीहि बाब नव्हे.

जुन्या नोंदींचें काय करावें, हा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि इतर खेळांनीं त्याचीं परस्परविरोधी उत्तरें दिलेलीं आहेत. १९८४ सालीं पूर्व जर्मनीच्या उवे होन यानें १०४.८० मीटर भाला फेंकला, तेव्हां मैदानच अपुरें पडेल असें भय उत्पन्न झालें. भाल्याचा गुरुत्वमध्य पुढें सरकवून १९८६ पासून नवा भाला आणला गेला व विक्रमांची वही नव्यानें उघडली. होनची फेंक जुन्या वहींत मानानें राहिली. उलट २००९ च्या रोम येथील पोहण्याच्या सामन्यांत नव्या रबरी पोषाखांच्या बळावर ४३ जागतिक विक्रम झाले. पुढच्या जानेवारीपासून ते पोषाख बंद झाले, पण विक्रम त्याच वहींत राहिले, आणि साध्या पोषाखांतील पोहणारांस वर्षानुवर्षें त्या सावल्यांशीं शर्यत करावी लागली. आम्हांस भाल्याची रीत पसंत आहे. ज्या काळीं बोर्ड दाखविण्याचा नियमच नव्हता त्या काळच्या नोंदी आजच्या नियमानें खोट्या ठरविणें बरें नव्हे, तशाच त्या आजच्या तपासलेल्या नोंदींच्या माथ्यावर बसविणेंहि बरें नव्हे. २०२४ च्या तडजोडीनें मिचेलचे आंकडे जेथें नेऊन ठेवले, ती जागा वकिलांच्या घासाघिशींतून निघाली असली तरी इतिहासाच्या दृष्टीनें चुकीची वाटत नाहीं.

मेमवर खेळणारांस हलक्या पंक्तीचे समजण्याची खोड मात्र अजून पुरती गेलेली नाहीं. ज्याच्याजवळ चाळीस वर्षांपूर्वींचें यंत्र विकत घेण्यास पैसा नाहीं, तें ठेवण्यास जागा नाहीं, किंवा जो अशा देशांत राहतो कीं जेथें तीं यंत्रें कधीं आलींच नाहींत, त्यानें खेळूंच नये काय? दोष नकलेंत नाहीं, नक्कल मूळ म्हणून पुढें करण्यांत आहे. कांहीं खेळाडूमंडळांनीं दोन्ही प्रकार एकाच यादींत घेऊन प्रत्येक नांवापुढें यंत्राचा प्रकार लिहिण्याची वहिवाट पाडली आहे, व ती आम्हांस दोन वेगळ्या पंक्तींपेक्षांहि अधिक मोकळी वाटते. आतां तर तिसरी एक जात आली आहे. 'मिस्टर' नांवाच्या प्रकल्पांत संगणकास नक्कल करावयास न लावतां, हवी तशी जुळविता येणारी चिप घेऊन तिच्यांत जुन्या मंडलांचीच रचना पुन्हा बांधतात. तिला मूळ म्हणावें तर ती मूळ नाहीं. मेमच्या पंक्तीस बसवावी तर तिची कार्यपद्धति तशी नाहीं. तिच्यासाठीं कोणता रकाना, हें प्रत्येक मंडळास आजच लिहून ठेवावें लागेल, तिच्यावर पहिला मोठा आंकडा होण्यापूर्वीं.

आणि मूळ यंत्रें तरी किती दिवस मूळ राहणार? त्यांतील धारित्रें सुकतात, काचेच्या नळीचे पडदे करणारे मोठे कारखाने बंद झाले आहेत, स्मृतिचिपा मजकूर विसरूं लागतात. चालू असलेल्या कित्येक डाँकी काँग बोर्डांवर एखाददुसरी चिप नव्यानें लिहून बसविलेली असते. अशा बोर्डास मूळ म्हणावें कीं नाहीं? आमचें उत्तर होकारार्थी आहे. मात्र नव्या चिपेंतील मजकूर जुन्याशीं अक्षरशः जुळवून पाहिला पाहिजे, यंत्राचा वेग मोजून ६०.६०६ चा भरला पाहिजे, आणि दुरुस्ती कोणती केली तें खेळाडूनें आपल्या आंकड्याच्या शेजारीं लिहिलें पाहिजे. यंत्र जुनें होऊन चित्र वेगळें उमटूं शकतें ही सबब आतां सर्वांस ठाऊक झाली आहे. तेव्हां ज्याचें यंत्र तसें उमटवीत असेल त्यानें तें खेळ सुरू करण्यापूर्वींच पंचांस दाखवावें.